उतरण्याची पद्धत आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



विमान उतरविण्याची पद्धत हा समाजवाद्यांच्या अभ्यासवर्गाचा विषय कसा, अशी शंका काही कार्यकर्त्यांनी घेतली. शंका रास्त आहे. परंतु २०१० साली मंगळूर येथे आणि २०२० साली कोझिकोड येथे जी विमाने दुर्घटनाग्रस्त झाली ती दोन्ही दुबईहून येत होती. आखातात राबणारी माणसे आणि त्यांची कुटुंबे त्यांत मोठ्या संख्येने होती. शिवाय दोन्ही विमाने त्या वेळी सरकारी मालकीच्या असलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसची होती. तेव्हा या प्रश्नाकडे पाठ फिरवणे आपल्याला परवडणारे नाही.

प्रथम तांत्रिक बाजू थोडक्यात पाहू. उतरताना ठराविक उंचीवर, सामान्यतः १००० फुटांवर आणि स्वच्छ हवेत ५०० फुटांवर, विमानाचा वेग, खाली येण्याचा दर, दिशा आणि चाके व पंखांवरील झडपा यांची स्थिती ठरलेल्या मर्यादेत असावी लागते. तशी ती नसेल तर उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जायचे, हा नियम आहे. याला वैमानिकांच्या भाषेत ‘गो अराउंड’ म्हणतात. नियम इतका साधा आहे, तरीही तो मोडला जातो. तो का मोडला जातो, हा खरा प्रश्न आहे.

२२ मे २०१० रोजी मंगळूरच्या पठारावरील धावपट्टीवर उतरणारे विमान ठरल्यापेक्षा फार उंच आणि फार वेगात होते. मुख्य वैमानिक उड्डाणाच्या बऱ्याच काळात झोपलेला होता. तेथील रडार नादुरुस्त असल्याने विमानाला खाली येण्याची परवानगी नेहमीपेक्षा उशिरा मिळाली होती. सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो अराउंड’ असे सांगितले; यंत्रेही इशारे देत होती. मुख्य वैमानिकाने ऐकले नाही. विमान धावपट्टीच्या फार पुढच्या भागात टेकले, तिच्या टोकापलीकडे दरीत गेले आणि १६६ पैकी १५८ माणसे प्राणास मुकली.

एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने मुख्य वैमानिकाच्या हट्टाला प्रत्यक्ष कारण ठरविले. परंतु त्याच अहवालात आणखी एक निरीक्षण आहे, आणि ते माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे. उतरणे रद्द करण्याचा सहवैमानिकाला कितपत अधिकार आहे, याविषयीच्या सूचनांत संदिग्धता होती. बहुधा म्हणूनच तो वारंवार बोलला, पण त्याने नियंत्रण स्वतःच्या हाती घेतले नाही. कनिष्ठाला दिसत होते, त्याने सांगितलेही. परंतु त्याच्या शब्दाला अधिकाराचे बळ नव्हते. कारखान्यांत आणि आगारांत काम केलेल्या माणसाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, भर पावसात कोझिकोडला तेच घडले. अस्थिर अवतरण, सहवैमानिकाची ‘गो अराउंड’ची सूचना, जवळजवळ अर्धी धावपट्टी ओलांडल्यावर टेकलेले विमान, आणि दोन्ही वैमानिकांसह २१ मृत्यू. मुख्य वैमानिकाची चूक अहवालाने झाकली नाही. मात्र त्याने मनुष्यबळाच्या नियोजनावरही बोट ठेवले. कोझिकोडच्या तळावर २६ सहवैमानिकांमागे एकच कप्तान नेमलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण त्याच वैमानिकाच्या नावावर होते; ते चुकू नये म्हणून तेथेच उतरण्याची ओढ त्याला लागली असावी, असे अहवाल सुचवितो. म्हणजे कार्यालयात तयार झालेला कामाचा तक्ताही वैमानिककक्षात बसलेला असतो.

आपला एक भाबडा समज येथे तपासून घ्यावा लागेल. मालकी सार्वजनिक झाली की उत्पादनसंबंध आपोआप बदलतात, असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. दोन्ही अपघातांच्या वेळी मालकी सार्वजनिकच होती. बदलली नव्हती ती आतील अधिकाराची उतरंड. जानेवारी २०२२ मध्ये ही कंपनी टाटा समूहाकडे गेली. त्या विक्रीला आपला विरोध रास्तच होता. परंतु खाजगी मालक आला म्हणून उतरंड आपोआप मोडत नाही, तशीच ती सरकारी मालक असल्यानेही मोडली नव्हती.

यावर उपाय सापडलेला आहे, आणि तो कष्टाने सापडलेला आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे विमान डोंगरावर आदळून ९२ जण मरण पावले. उतरण्याची परवानगी मिळाली म्हणजे लगेच खाली यायला हरकत नाही, असा अर्थ वैमानिकांनी घेतला होता. पुढे उघड झाले की, सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीचे एक विमान याच गैरसमजातून थोडक्यात बचावले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. ती सूचना इतरांपर्यंत पोहोचली नाही. ज्ञान एका कंपनीच्या भिंतीआड राहिले आणि त्याची किंमत दुसऱ्या कंपनीच्या प्रवाशांनी मोजली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला खाजगी स्वामित्वाच्या मर्यादेचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल. त्यानंतर परवानगीची पद्धत सुधारली गेली. १९७६ पासून वैमानिक आपले अनुभव ‘नासा’कडे गुप्तपणे कळवू लागले. शिक्षा करणाऱ्या विमान-प्रशासनाकडे नव्हे, तर शिक्षेचा अधिकार नसलेल्या संस्थेकडे. हे त्या व्यवस्थेचे मर्म आहे.

काही जण म्हणतील, पाचशे फुटांवर लोकशाही चालत नाही. मान्य आहे; तेथे मतदान घ्यायला वेळ नसतो. म्हणूनच नियम आधी ठरवावा लागतो: दोघांपैकी कोणीही ‘गो अराउंड’ म्हटले की विमान वर जाईल, आणि चर्चा जमिनीवर होईल. पुन्हा एक फेरी घेण्यात काही मिनिटे आणि काही इंधन जाते. तो खर्च कंपनीच्या हिशेबात दिसतो. न घेतलेल्या फेरीचा धोका मात्र प्रवाशांच्या खात्यावर चढतो. हा व्यवहार उघड करून दाखवणे हे आपले काम आहे.

विश्रांतीचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. जानेवारी २०२४ मध्ये साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे नियम जाहीर झाले. त्यांची अंमलबजावणी २०२५ पर्यंत रखडली. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा नियामकाने त्या कंपनीला रात्रपाळीच्या काही तरतुदींतून तात्पुरती सूट दिली. पुरेसे वैमानिक नेमण्याची जबाबदारी कंपनीची. ती पार न पडल्याची सवलतही कंपनीलाच!

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. उतरणे रद्द करण्याचा सहवैमानिकाचा अधिकार निःसंदिग्ध असावा आणि तो वापरणाऱ्याला संरक्षण मिळावे. चुकांची माहिती शिक्षेचा अधिकार नसलेल्या संस्थेकडे जावी आणि तिचे निष्कर्ष सर्वांना खुले असावेत. मनुष्यबळाचे नियोजन हा सुरक्षेचा भाग मानून त्याची तपासणी व्हावी. आणि वाहतूक क्षेत्रातील आपल्या प्रत्येक संघटनेने, मग ती एस. टी.ची असो वा रेल्वेची, वेतनाच्या मागणीबरोबरच ‘थांबा’ म्हणण्याचा हा अधिकार करारात लिहून घ्यावा. मंगळूरच्या त्या सहवैमानिकाने तीन वेळा सांगितले होते. चौथ्या वेळी सांगण्याची पाळी कोणावर येऊ नये.