गाडीच्या पाठीवर ‘हायब्रिड’ लिहिलंय, पण आत काय आहे?

मैत्रिणींनो, कुणी भाकरी थापत असाल, कुणी शेंगा फोडत बसला असाल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आम्ही साताऱ्याकडच्या बचत गटांचं काम बघतो. पूर्वी आमच्या बैठकीत कर्ज मागितलं जायचं ते म्हशीसाठी, शिलाई मशीनसाठी, पिठाच्या गिरणीसाठी, नाहीतर मुलांच्या फीसाठी. आता सेकंडहँड चारचाकीसाठी अर्ज यायला लागलेत. कुणाला मसाला पुण्याला न्यायचाय, कुणाच्या सासऱ्यांना डायलिसिसला न्यावं लागतं. आणि अर्जाबरोबर एक वाक्य हमखास येतं, “ताई, गाडी हायब्रिड आहे, पेट्रोल कमी खाते.”

हे वाक्य बहुतेक वेळा एजंटाच्या तोंडून घरच्या पुरुषांकडे आणि तिथून आपल्याकडे आलेलं असतं. हप्ता मात्र आपण फेडणार. म्हणून ज्या घरांनी अशा जुन्या गाड्या घेतल्या, त्यांच्याकडे आम्ही जाऊन बसलो, त्यांच्या पेट्रोलच्या वह्या बघितल्या, अनुभव विचारले. तेच आज सांगणार आहोत.

आधी हायब्रिड म्हणजे काय ते बघू. या गाडीत पेट्रोलचं इंजिन असतं आणि जोडीला विजेची मोटर व बॅटरी असते. ब्रेक दाबला किंवा उतार लागला, की चाकांचा जोर वाया न जाता त्याची वीज होऊन बॅटरीत साठते. तीच वीज पुढे गाडी ओढायला कामी येते. आम्हाला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न, “घरी चार्जिंगला लावायची का?” नाही. आज आपण बोलतोय त्या गाड्यांना वायर लावावी लागत नाही, त्या चालता चालता स्वतःच चार्ज होतात. जपानमध्ये टोयोटाने प्रियस नावाची अशी गाडी १९९७ साली विकायला काढली, म्हणजे ही कल्पना काही कालची नाही.

पण खरी मेख पुढेच आहे. हायब्रिड दोन प्रकारची असते आणि गाडीच्या पाठीवर शब्द मात्र एकच लिहिलेला असतो.

पहिला प्रकार हलका. यातली मोटर लहान असते. ती इंजिनाला हातभार लावते, पण एकटी गाडी ओढत नाही. गाडी थांबली, न्यूट्रल केली, क्लचवरचा पाय काढला, की इंजिन आपोआप बंद होतं. क्लच दाबला, की पुन्हा चालू. आपल्याकडच्या जुन्या बाजारात ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलेल्या ज्या पेट्रोल गाड्या दिसतात, त्या या प्रकारातल्या.

दुसरा प्रकार पूर्ण हायब्रिडचा. यातली बॅटरी मोठी असते. कमी वेगात, गर्दीत, ही गाडी नुसत्या विजेवरही चालते. ॲव्हरेज चांगलं मिळतं, पण किंमतही तशीच असते, आणि दुरुस्ती गावातल्या गॅरेजमध्ये होत नाही.

आता अनुभव ऐका. आमच्या मसाल्याच्या गटातल्या एका ताईंच्या घरी पहिल्या प्रकारची, सात सीटची जुनी गाडी आहे. त्यांची मुलगी प्रत्येक वेळचं पेट्रोल आणि किलोमीटर वहीत लिहिते. मोकळ्या हायवेला गाडी लिटरला सतरा-अठरा देते. मसाल्याची पोती भरून, एसी लावून खंबाटकी घाट चढायचा असला, की चौदावर येते. ताई म्हणतात, “गाडी चांगली आहे, पण एजंट पंचवीस सांगत होता, ते पंचवीस आम्हाला अजून भेटलं नाही.” दुसरी तक्रार उन्हाळ्यातली. सिग्नलला इंजिन बंद झालं, की एसीचा गारवा थांबतो, नुसता पंखा फिरतो. सासूबाई मागून ओरडतात. त्यावर उपाय आहे. इंजिन आपोआप बंद होऊ नये यासाठी गाडीत बटण असतं, ते दाबायचं.

दुसऱ्या एका घरी पूर्ण हायब्रिड आहे, तीन वर्षं वापरलेली घेतली. त्या वहिनी गाडीवर खूश आहेत. त्यांना रोज साताऱ्याच्या गर्दीतून जावं लागतं, आणि तिथेच ही गाडी पेट्रोल वाचवते. फक्त गल्लीत आवाज येत नाही म्हणून कोंबड्या हलत नाहीत आणि पोरंही बाजूला होत नाहीत. आता त्या वळणावर न चुकता हॉर्न देतात. हसण्यावारी नेऊ नका. लहान मुलं आणि ज्यांना कमी ऐकू येतं अशी म्हातारी माणसं, यांच्यासाठी हे लक्षात ठेवायलाच हवं.

याच घरचे लोक एकदा महिनाभर गावाला गेले. परत आले तर गाडीचं बटण दाबून काहीच होईना. चार जणांनी ढकलून बघितली. एक मिस्त्री म्हणाला, मोठी बॅटरी गेली, लाखाच्या घरात खर्च येईल. घरात रडारड झाली. मग सर्व्हिस सेंटरचा माणूस आला आणि कळलं, की उतरली होती ती छोटी बारा व्होल्टची बॅटरी, जी प्रत्येक गाडीत असते. पूर्ण हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी कामाला लावायचं काम या छोटीचं असतं. छोटी उतरली, की गाडी मुकी होते, आणि अशी गाडी ढकलून चालू होत नाही. म्हणून गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नये. आणि आत नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसल्या, तर तिथे जोराचा करंट असतो. गावातल्या मिस्त्रीला हात लावू देऊ नका.

तिसरा अनुभव वाईट आहे. एका ताईंनी स्वस्तात मिळाली म्हणून चकचकीत गाडी घेतली. पहिल्याच पावसाळ्यात मीटरवर दिवे लागायला लागले. सीटखालचा गालिचा उचलला तर खाली वाळलेला गाळ. गाडी पुरात बुडालेली होती. ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूरला महापूर आला, जुलै २०२१ ला तिथे परत पाणी आलं आणि चिपळूणही बुडालं. अशा वेळी हजारो गाड्या पाण्यात जातात, आणि त्यातल्या काही धुऊनपुसून बाजारात येतात. साधी गाडी एकवेळ सावरते. हायब्रिडमध्ये बॅटरी आणि वायरींचं जाळं जास्त, म्हणून पाण्याचं दुखणं मागाहून निघतं. तेव्हा गालिचा उचला, सीटच्या खालचं लोखंड बघा, डिकीतलं स्टेपनी चाक काढून तो खड्डा बघा. गंज, गाळ किंवा कुबट वास असेल तर सरळ घरी या.

आता हिशेब करू, कारण गटात आपण हिशेबावर चालतो. समजा साधी जुनी गाडी लिटरला १४ देते आणि हलकी हायब्रिड १७ देते. हायब्रिड ६०,००० रुपयांनी महाग आहे. पेट्रोल सोपेपणासाठी १०० रुपये लिटर धरू. महिन्याला १,००० किलोमीटर फिरणार असाल तर महिन्याचे साधारण १,२६० रुपये वाचतात, आणि जादा दिलेले पैसे चार वर्षांत वसूल होतात. पण गाडी फक्त बाजाराला, लग्नाला आणि देवाला, महिन्याला ३०० किलोमीटर जाणार असेल, तर वाचतात जेमतेम ३८० रुपये. वसुलीला तेरा वर्षं लागतील. तोवर गाडीच म्हातारी होईल. म्हणजे आधी आपलं फिरणं मोजायचं, मग गाडी शोधायची.

गाडी बघायला जाल तेव्हा ती वीस मिनिटं चालवायला लावा. हलकी हायब्रिड असेल तर इंजिन तापल्यावर सिग्नलला बंद होतं का बघा. एसी जोरात असेल किंवा ते बटण दाबलेलं असेल तर ते होत नाही, म्हणून दोन्ही बंद करून बघा. तरीही नाही झालं, तर बॅटरी तपासायची. पूर्ण हायब्रिड असेल तर सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीची तपासणी लेखी घ्या. काही कंपन्या या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल तितकी वॉरंटी देतात. ती दुसऱ्या मालकाला लागू आहे का आणि नवीन बॅटरी केवढ्याला पडते, हे दोन्ही कागदावर लिहून मागा.

कागदांचंही सांगतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला सांगा. जुने दंड ऑनलाइन बघून घ्या. आणि पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीतून भाडं मारायचं नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि कर्ज आपल्या गळ्यात राहतं.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आमच्या बघण्यात अशी घरं आहेत, जिथे कर्ज वहिनींच्या नावावर आणि गाडी दिरांच्या नावावर. हप्ता तिने भरायचा आणि दवाखान्यात जायचं तर किल्ली मागायला लागायचं. म्हणून आमच्या गटांनी ठरवलंय, की गाडीसाठी कर्ज द्यायचं ते सभासद बाईचं नाव आरसीवर असेल तरच. अर्जासोबत गाडीचा प्रकार, बॅटरीचा कागद आणि महिन्याचे किलोमीटर लिहून आणायचे. हे बैठकीत मोठ्याने वाचायचं आणि मगच सह्या करायच्या. यात कुणावर अविश्वास नाही. म्हैस घेताना आपण दूध काढून बघतो, दात मोजतो, तसंच हे.

तुमच्याही गटात असा अर्ज आला असेल, तर येत्या बैठकीत एवढंच विचारा, “हायब्रिड म्हणजे कुठली, हलकी का पूर्ण?” उत्तर आलं नाही, तर अर्ज पुढच्या महिन्यावर ठेवा. गाड्या काय, पुढच्या महिन्यातही मिळतात.

चला, भाकरी करपायच्या आत थांबतो. ऐकत राहा, आपापल्या वह्या लिहीत राहा. नमस्कार.