मोबाईल आहे, खोली हवी

व्हिडिओ रिपोर्टिंग म्हटलं की पोरं आधी विचारतात, कॅमेरा कुठाय? तो तर प्रत्येकाच्या खिशात आहे. आपल्याकडे नाही ती जागा, जिथं बसून एकमेकांचं काम बघता येईल, चुका काढता येतील.

मालेगावात शेख नासिर यांचं व्हिडिओ पार्लर होतं. तिथं सिनेमे दाखवत, कापत-जोडत ते शिकले आणि ‘मालेगाव के शोले’ तयार झाला. सायकलीची ट्रॉली, बैलगाडीची क्रेन! ‘मालेगाव का सुपरमॅन’चा नायक शफीक यंत्रमाग कामगार होता. 2006 आणि 2008 मध्ये तिथं बॉम्बस्फोट झाले, टीव्हीवर तेवढंच मालेगाव दिसलं. त्याच काळात ही पोरं गावाला हसवत होती. फैजा अहमद खान यांच्या माहितीपटामुळं ते जगाला कळलं. बाहेरून कुणी यावं लागलं, हे मला जरा खटकतं.

2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा कॅमेरे स्टेशनवर होते. गल्लीत हंडे घेऊन उभ्या खाला आणि काकूंना कुणी विचारलं?

आपण विचारू. आधी परवानगी, मग रेकॉर्डिंग. ठिकाण-तारीख सुरुवातीलाच बोलून घ्यायची. खाला दखनीत बोलल्या तर बोलू द्या, खाली मराठी ओळी टाका. नगरपंचायतीतल्या साहेबांनाही कळलं पाहिजे.

यासाठी संध्याकाळी दोन तास एक खोली हवी, मुलींनाही निर्धास्त येता येईल अशी. मोहल्ल्यात कुणाची खोली रिकामी असेल, तर चावी कुणाकडे मागायची ते समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांनी आजच सांगावं.