परमुलखातला सण



आपल्या गावची कितीतरी मुले पुण्याला, सुरतेला कामाला आहेत. दिवाळीला सगळ्यांनाच सुट्टी मिळत नाही. मग ती तिथेच खोलीवर चार पणत्या लावतात. माणूस घर सोडून गेला, तरी सण त्याच्या मागे जातो.

आज अशाच एका सणाची गोष्ट सांगतो. सण अमेरिकेचा. तो करणारी माणसे अमेरिकन मिशनरी. आणि जागा कोणती? तर आपला नगर जिल्हा. त्याला तेव्हा अहमदनगर म्हणत, आता अहिल्यानगर म्हणतात.

मिशनरी म्हणजे धर्माच्या प्रसारासाठी परदेशी गेलेली माणसे. अमेरिकेच्या बोस्टन शहरातील एका संस्थेने पाठवलेले मिशनरी १८१३ साली मुंबईला आले. १८३१ साली त्यांनी नगरला ठाणे केले. ते मराठी शिकले. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले. आणि येताना आपला एक सणही त्यांनी मनात आणला.

त्या सणाला थँक्सगिव्हिंग म्हणतात. म्हणजे आभार मानण्याचा सण. पीक घरात आले, की देवाचे आभार मानायचे आणि सगळ्यांनी एकत्र जेवायचे.

याची मूळ गोष्ट अशी. १६२० साली इंग्लंडहून शंभरेक माणसे एका जहाजातून अमेरिकेला गेली. पहिल्याच हिवाळ्यात थंडीने आणि रोगाने त्यांतली निम्मी मेली. तिथे वांपानोआग नावाचे मूळचे लोक राहत होते. त्यांच्यातल्या एकाने या परक्यांना मका लावायला शिकवले. मक्याच्या मुळाशी खत म्हणून मासे पुरायचे, हेही दाखवले. १६२१ साली पीक आले. तेव्हा तीन दिवस जेवणे झाली. त्या जेवणाला मूळचे नव्वद लोक आले होते. त्यांनी पाच हरणे मारून आणली होती.

पुढे हा सण अमेरिकेत घरोघर होऊ लागला. १९४१ साली तिथे कायदा झाला. तेव्हापासून नोव्हेंबर महिन्याचा चौथा गुरुवार हा या सणाचा दिवस ठरला.

पण गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांनी मका शिकवला, त्यांच्याच जमिनी पुढे गोऱ्यांनी घेतल्या. म्हणून १९७० सालापासून तिथले काही मूळचे लोक याच दिवशी शोक पाळतात.

आता माझ्या डोळ्यांसमोर घडलेले सांगतो.

माझे वडील एका मिशनरी साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होते. सगळा गाव त्यांना दादा म्हणे. आम्ही काही ख्रिस्ती नव्हतो. साहेबाची बायको दवाखाना चालवी. तिला सगळे मडमबाई म्हणत. नवराबायको दोघेही चांगले मराठी बोलत. त्यांची मुले अमेरिकेत शिकत होती.

दर वर्षी दादा बंगल्यावर हा सण रांधत. अमेरिकेत या दिवशी टर्की नावाचा मोठा पक्षी भाजतात. इथे टर्की कुठली? दादा कोंबड्या भाजत. तिकडे भोपळ्याचे गोड करतात. खाली मैद्याची पारी, वर भोपळ्याचा गोड गर. ते भाजायला दादांनी पत्र्याचा डबा केला होता. त्याच्या खाली निखारे, वर निखारे. आसपासची अमेरिकन माणसे जेवायला येत. आम्ही पोरे खिडकीतून बघत असू.

मग १९७२ साल आले. तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना ते साल सांगायला नको. पाऊस नाही. विहिरी आटल्या. जनावरे बाजारात मातीमोलाने गेली. माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. मी तेरा वर्षांचा होतो. शाळा सुटली, की मीही पाट्या उचली. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळे. तिचीच भाकरी.

नोव्हेंबरात मडमबाई दादांना म्हणाल्या, "दादा, यंदा सण नको. कोणाच्या शेतात दाणा नाही. आभार कशाचे मानायचे? आणि लोक उपाशी असताना आम्ही कोंबडी खायची?"

दादा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाईसाहेब, कोंबडी नकोच. पण सण मोडू नका. तुमच्या गोष्टीतली निम्मी माणसं मेली होती ना? तरी उरलेली जेवायला बसलीच की. आमच्यात बी घरात काही नसलं, तरी दिवाळीला एक पणती लावत्यात."

मडमबाईंनी साहेबांना विचारले. दोघांनी ठरवले, की सण करायचा. पण पाहुणे वेगळे बोलवायचे.

बंगल्याच्या न्हाणीमागे सांडपाण्यावर भोपळ्याचा वेल होता. त्याला चार तांबडे भोपळे धरले होते. २३ नोव्हेंबरला, गुरुवारी, खडीचे काम सुटल्यावर कामावरची माणसे बंगल्याच्या अंगणात आली. काही जण आले नाहीत. मडमच्या घरचे खाल्ले तर बाटू, असे तेव्हा काहींना वाटे. कोणावर सक्ती नव्हती. कोणाला धर्माचा उपदेशही झाला नाही. मिलोची भाकरी, पातळ डाळ आणि गुळातला भोपळा. साहेब आणि मडमबाई आमच्याच पंगतीत मातीवर बसले.

त्या सणाला एक रीत आहे. प्रत्येकाने आपण कशाबद्दल आभारी आहोत, ते सांगायचे. एक म्हातारी बोलली, "ही मिलो तुमच्या देशातनं आली म्हनत्यात. तिनं आमची पोरं जगली. तुमचं लई उपकार. पर बाई, तिला चव न्हाई बघा!"

सारी पंगत हसली. मडमबाई तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मग त्या बोलल्या. त्याच उन्हाळ्यात त्यांची आई अमेरिकेत वारली होती. त्यांना जाता आले नव्हते. त्या म्हणाल्या, "माझ्या माहेरी आज आईची जागा रिकामी असेल. मला वाटलं होतं, इथंही मला रिकामं रिकामं वाटेल. पण अंगणात बसायला जागा उरली नाही. त्या पहिल्या सणाला परक्यांना तिथल्या लोकांनी हात दिला होता. इथं परके आम्ही आहोत. तुम्ही आम्हाला सांभाळून घेतलंत. त्याबद्दल मी तुमची आभारी आहे."

१९७५ साली ते दोघे कायमचे अमेरिकेला गेले. पुढच्या वर्षी दादांना त्यांचे पत्र आले. मी तेव्हा तालुक्याला शिकत होतो. दादांना वाचता येत नव्हते. दुसऱ्याकडून वाचून घ्यायला त्यांना लाज वाटली. चार दिवस ते पत्र पेटीत पडून राहिले. मी आल्यावर वाचून दाखवले. मडमबाईंनी मराठीत लिहिले होते, "दादा, दिवाळीला आम्ही खिडकीत एक दिवा लावला. शेजारी विचारत होते, हे काय? मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली."

दादांनी उत्तर सांगितले, मी लिहिले. खाली दादांनी अंगठा उठवला. मग बराच वेळ ते त्या अंगठ्याकडे बघत बसले. म्हणाले, "माझं नाव मला लिहिता आलं असतं, तर बरं झालं असतं."

मंडळी, तुम्ही आता लिहायला शिकला आहात. तुमचा मुलगा परमुलखात असेल, तर सणाला त्याला चार ओळी स्वतःच्या हाताने लिहा.

आणि आणखी एक करा. थंडीच्या दिवसांत आपल्या शिवारात ऊसतोडीची माणसे येतात. पाल ठोकून राहतात. तीही घर सोडून आलेली असतात. सणाच्या दिवशी त्यांच्या पालावर जा. त्यांना जेवायला बोलवा. घरात काय शिजले आहे, याची लाज धरू नका. आम्ही मिलोची भाकरी खाऊन सण केला होता.