माळ्यावरचे सैनिक

देवरूखात कुणाच्या माळ्यावर जुन्या खेळण्यांचा डबा असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा उघडून बघा.

1977 साली ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या केनर कंपनीने त्यातल्या पात्रांच्या पावणेचार इंची प्रतिकृती दुकानांत आणल्या. त्यातल्या बुटक्या ‘जावा’ला आधी प्लॅस्टिकचा झगा होता, मग कापडी आला. आज भाव आहे तो प्लॅस्टिकवाल्याला. साहजिकच नकली झगेही भरपूर!

याच मापाचे ‘जी. आय. जो’ सैनिक फनस्कूल कंपनीने भारतात काढले. तिचा कारखाना आपल्या शेजारी, गोव्यात. अमेरिकेत न निघालेल्या त्यातल्या काही भडक रंगसंगती परदेशी संग्राहक हौसेने शोधतात. आपण मात्र ते सैनिक अंगणातल्या चिखलात लढवले.

या सैनिकाच्या कमरेत रबराची बारीक कडी असते. जुनी झाली की ती तुटते आणि धड-पाय वेगळे होतात. घाबरू नका, त्याच मापाची नवी कडी बसते. पण इवलीशी बंदूक हरवली, तर किंमत घसरलीच. पुठ्ठ्याचं वेष्टन शाबूत असेल, तर आषाढाआधी ते हवाबंद डब्यात ठेवा. आपल्याकडे बुरशी लागायला वेळ लागत नाही.