पोटाच्या आत लपलेला अंतर्गळ



अंतर्गळ, म्हणजेच हर्निया, म्हटले की जांघेतील अथवा बेंबीजवळील फुगवटा आपल्या डोळ्यांसमोर येतो. तो हाताला लागतो. आज मला सांगावयाचे आहे ते बाहेरून मुळीच न दिसणाऱ्या अंतर्गळाविषयी. आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यात जन्मतः किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळे एखादी फट राहते. आतड्याचा वेढा तीत शिरून अडकतो. हा विकार विरळा खरा. परंतु अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, तर काही तासांतच आतडे सडू लागते.

आपल्या खेड्यांत अशा दुखण्याला ‘नळ भरले’ म्हणतात, पोट चोळतात, एरंडेल पाजतात. अडथळा असताना रेचक देणे घातकच! मंठा किंवा घनसावंगीकडील गावांतून जालन्यास, प्रसंगी पुढे छत्रपती संभाजीनगरास जावे लागते; घरी गेलेले तास या अंतरात मिळवावे लागतात.

साध्या क्ष-किरण चित्रात अडथळा दिसतो, कारण बहुधा उमगत नाही. सोनोग्राफीत फुगलेल्या आतड्यातील वायू आड येतो. सीटी स्कॅन मात्र पोटाचे पातळ काप केल्यासारखी चित्रे देते. हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू असा पाहिला. आता संपूर्ण पोट काही सेकंदांत पाहता येते. शिरेतून औषध देऊन चित्रे घेतली, की आतड्याचे वेढे पिशवीत कोंबल्यागत एकत्र आलेले, त्यांच्या रक्तवाहिन्या ताणलेल्या वा भोवऱ्यासारख्या पिळलेल्या दिसतात. आतड्याच्या भिंतीत औषध पोहोचले नसेल, तर रक्तपुरवठा धोक्यात आल्याची ती खूण होय.

येथे एक मेख आहे. अडकलेला वेढा कधी आपोआप सुटतो, कळ थांबते आणि त्या वेळचे चित्र निर्दोष येते. म्हणून वारंवार अशी कळ येणाऱ्याची तपासणी दुखत असतानाच होणे इष्ट. चित्र निर्दोष असूनही संशय उरला, तर निर्णय शल्यचिकित्सकाचा. प्रत्येक पोटदुखीला सीटी स्कॅन नको. त्यात किरणोत्सर्ग असतोच.

कळ थांबत नाही, उलट्या होतात, पोट फुगते, वायू सरत नाही, अशा रुग्णास तोंडाने काही देऊ नये आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पूर्वीच्या शस्त्रक्रियेचे कागद सोबत द्यावेत. मूत्रपिंडाचा विकार, औषधाची ॲलर्जी किंवा गर्भारपण असल्यास ते तपासणीपूर्वीच डॉक्टरांना सांगावे.