सरासरीच्या आड काय दडतं?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही जणींनी विचारलं, "मजुरी, रेशन, पाणी सोडून हे फुटबॉल कशाला?" प्रश्न रास्त आहे. मी फुटबॉल निवडला, कारण तिथे प्रत्येक गोष्टीची नोंद होते. सामने किती, जिंकले किती, तिकिटं किती खपली, कुणाला किती पैसे मिळाले. घरकामगार आणि शेतमजूर बायकांच्या बाबतीत अशा नोंदी मिळवतानाच आपला जीव मेटाकुटीला येतो. आणि नोंदी असल्या तरी अन्याय कसा झाकला जातो, ते इथे स्वच्छ दिसतं.

अमेरिकेच्या बायकांच्या राष्ट्रीय संघाने २०१५ साली विश्वचषक जिंकला. पुरुषांचा संघ २०१८ च्या विश्वचषकासाठी पात्रसुद्धा ठरला नाही. ८ मार्च २०१९ रोजी, महिला दिनीच, बायकांच्या संघातल्या २८ जणींनी आपल्या फुटबॉल महासंघावर वेतनातल्या भेदभावाबद्दल खटला भरला. त्याच वर्षी त्यांनी पुन्हा विश्वचषक जिंकला. तरी मे २०२० मध्ये न्यायाधीशांनी समान वेतनाचा दावा फेटाळला. आधार आकड्यांचा होता. खटल्याच्या काळात बायका १११ सामने खेळल्या आणि त्यांना सुमारे २ कोटी ४५ लाख डॉलर मिळाले. पुरुष ८७ सामने खेळले, त्यांना सुमारे १ कोटी ८५ लाख. भागाकार केला तर बायकांना सामन्यामागे सुमारे २ लाख २१ हजार आणि पुरुषांना २ लाख १३ हजार. म्हणजे बायकांनाच जास्त! मग तक्रार कसली?

आता आपल्या शेतात येऊ. समजा, कापूस वेचायला गड्याला किलोमागे १० रुपये आणि बाईला ७ रुपये दर आहे. गडी दिवसात ४० किलो वेचतो, त्याचे ४०० रुपये झाले. बाई ६० किलो वेचते, तिचे ४२० झाले. मालक वही दाखवून म्हणतो, "बघा, बाईला रोज जास्तच पडतो." वहीतला आकडा खोटा नाही. पण त्याने भागलं दिवसाने. किलोने भागलं असतं तर फरक लगेच उघडा पडला असता. बाई दीडपट राबली म्हणून कशीबशी बरोबरीला आली, ही गोष्ट सरासरीने गिळून टाकली.

फुटबॉलमध्ये नेमकं हेच झालं होतं. पुरुषांना मैत्रीपूर्ण सामना हरल्यावरही प्रत्येकी ५,००० डॉलर मिळत. बायकांच्या करारात ठरावीक पगार आणि काही सवलती होत्या, पण जिंकल्यावरचा बोनस पुरुषांपेक्षा कमी होता. त्यांच्या संघटनेनेच हा करार मान्य केला होता, हेही न्यायालयाने त्यांना सुनावलं. कमकुवत बाजूने केलेला करार पुढे तिच्याच विरुद्ध पुरावा म्हणून उभा राहतो, हे आपल्याला नवीन नाही. खेळाडूंच्या बाजूच्या अर्थतज्ज्ञाने वेगळा हिशेब मांडला. पुरुषांचा करार घ्या आणि तो बायकांच्या निकालांना लावून बघा. तसं केल्यावर फरक ६ कोटी ६० लाख डॉलरांच्या वर गेला.

त्या थांबल्या नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये महासंघाने २ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड केली आणि समान वेतन कबूल केलं. मे २०२२ च्या करारात दोन्ही संघांची विश्वचषकाची बक्षिसं एकत्र करून सारखी वाटायचं ठरलं. ही अट किती मोलाची होती ते पाहा. २०१९ चा विश्वचषक जिंकल्याबद्दल 'फिफा' या जागतिक संघटनेकडून बायकांसाठी ४० लाख डॉलर आले होते. २०२२ साली पुरुषांचा संघ शेवटच्या सोळांत हरला, त्याबद्दल आले १ कोटी ३० लाख.

इथे हमखास एक उत्तर येतं, "बायकांच्या सामन्यांना प्रेक्षक नाहीत, बाजारच तसा आहे." अमेरिकेपुरतं तर तेही खरं नव्हतं. २०१६ ते २०१८ या तीन वर्षांत तिथे बायकांच्या सामन्यांचं उत्पन्न पुरुषांच्या सामन्यांपेक्षा थोडं जास्तच होतं. पण बाजाराचा आकडा मुळात तयार कसा होतो, तेही विचारलं पाहिजे.

२६ डिसेंबर १९२० रोजी इंग्लंडमध्ये, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर, प्रेस्टनच्या 'डिक कर लेडीज' या कारखान्यातल्या कामगार बायकांच्या संघाचा सामना पाहायला ५३ हजार माणसं आली होती. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. हा खेळ बायकांना शोभत नाही, असं कारण दिलं. शिवाय धर्मादाय कामासाठी जमणारा पैसा खर्चातच फार जातो, असा ठपकाही ठेवला. बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. पश्चिम जर्मनीत ती १९५५ ते १९७० होती, ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९. फिफाचा बायकांचा पहिला विश्वचषक झाला १९९१ साली, पुरुषांचा १९३० साली. अर्धं शतक मैदान बंद ठेवायचं आणि मग गर्दी नाही म्हणून बोट दाखवायचं, असा हा हिशेब आहे. २०२२ च्या पुरुषांच्या विश्वचषकात बक्षिसांची एकूण रक्कम ४४ कोटी डॉलर होती, २०२३ च्या बायकांच्या विश्वचषकात ११ कोटी. या तफावतीत ती बंद दारंही मोजली पाहिजेत.

सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांचं 'सॉकरनॉमिक्स' हे पुस्तक २००९ साली आलं. इंग्लंडमधल्या क्लबांचे हिशेब तपासून त्यांनी दाखवलं, की अनेक वर्षांचा विचार केला तर जो क्लब खेळाडूंच्या पगारावर जास्त खर्च करतो, तो साधारणपणे तक्त्यात वर असतो. पुरुषांच्या बाबतीत पैसा आधी घालतात, यश मागाहून येतं. बायकांना मात्र सांगतात, आधी जिंका, गर्दी जमवा, मग पगाराचं बघू. हीच भाषा अंगणवाडीत, बचत गटात, शाळेच्या मैदानावर आपल्याही कानावर येते.

म्हणून कुणी आकडा समोर ठेवला, की गप्प बसू नका आणि आकड्यांना नाकं मुरडू नका. विचारा, कशाने भागलं? दिवसाने, तासाने, की कामाच्या मापाने? करार ठरला तेव्हा नाही म्हणायची सोय होती का? आणि ज्यांना दाराबाहेर ठेवलं, त्या मोजदादीत कुठे आहेत?

समान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९७६ साली आला. तेव्हापासून घोषणा आपल्या सर्वांना पाठ आहे. आता वही करू या. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या वस्तीतल्या पाच बायकांची आणि तेच काम करणाऱ्या पाच पुरुषांची माहिती आणायची. कामाचे तास, कामाचं माप, दर आणि हातात पडलेले पैसे, एवढे चार रकाने पुरेत. भागाकार आपण इथे बसून, मिळून करू.