वाशातून पीठ पडतंय? छप्पर उतरवायच्या आधी हे ऐका

गेल्या मे महिन्यात गावी गेलो होतो, राजापूर तालुक्यात. रात्री माजघरात झोपलो आणि सकाळी बघतो तर उशीवर पांढरं पीठ. वर वाशांना बारीक बारीक भोकं. काका म्हणाले, "वाळवी लागली रे, गेलं घर." कंत्राटदार आला, दोन मिनिटं मान वर करून बघितलं आणि म्हणाला, सगळं छप्पर उतरवा, लोखंडी पाइप घाला, वर पत्रा. आकडा ऐकून काकू खालीच बसल्या.

ती वाळवी नव्हतीच.

हे कसं कळतं? पीठ चिमटीत घेऊन चोळायचं. एकदम मऊ, टाल्कम पावडरसारखं लागलं आणि भोकं टाचणीच्या डोक्याएवढी, म्हणजे एक-दोन मिलिमीटरची असली, तर तो पावडर पोस्ट बीटल. छोटासा तपकिरी भुंगेरा. आपले सुतार नुसतं 'किडा लागला' म्हणतात. खसखशीसारखे कडक दाणे हाताला लागले तर मात्र कोरड्या लाकडातली वाळवी. ती ते दाणे बाहेर टाकते. जमिनीतून येणारी वाळवी पीठ पाडत नाही, भिंतीवरून मातीच्या नळ्या चढवते. आणि बोटाएवढं गोल भोक, खाली जाडसर भुसा? तो काळा भुंगा. तो लाकूड खात नाही, घर करतो. हे चारही वेगळे, त्यांचे उपायही वेगळे. जमिनीत वाळवीचं औषध ओतून वाशातला भुंगेरा मरणार नाही, पैसे तेवढे जातील.

आता या भुंगेऱ्याची एक सवय लक्षात ठेवा. त्याच्या अळीला हवा असतो लाकडातला स्टार्च, आणि तो असतो सालीजवळच्या पांढऱ्या भागात. आतला गडद गाभा ती सहसा सोडून देते. म्हणून सागालाही किडा लागतो बरं का, जर सागाची पांढरी कड ठेवली असेल तर! आंब्याचं लाकूड तर त्याला मेजवानीच. आणि लाकूड जुनं होत जातं तसा तो स्टार्च कमी होतो, त्यामुळे खूप जुन्या वाशात नवीन किडा शक्यतो येत नाही.

मग आमच्याकडे पीठ कुठून येत होतं? जुनं पीठ मांजर कौलांवरून गेलं तरी पडतं, त्यामुळे नुसतं पीठ म्हणजे किडा जिवंत, असं नाही. आम्ही ब्रशने सगळे वासे झाडले, दिसतील त्या भोकांवर कागदी टेप चिकटवली, खाली जुनी काळी चादर अंथरली. तीन आठवड्यांनी पीठ होतं फक्त आठ वाशांखाली, आणि टेपला नवी भोकंही तिथेच. हे आठ वासे तीन वर्षांपूर्वी पावसात कौलं फुटली तेव्हा बदललेले, स्वस्तातले, पांढरी कड न काढलेले. बाकीच्या वाशांची भोकं आतून काळपट, म्हणजे जुनी. स्क्रू ड्रायव्हर दाबून बघितला, कडेला थोडा रुतला, आत टणक.

आठातले दोन आतपर्यंत पोकळ निघाले, ते बदलले. सहांची भुसभुशीत कड तासून काढली आणि बोरिक ॲसिड-बोरॅक्सचं द्रावण लावलं. बांबूला वापरतात तेच प्रमाण: १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम बोरिक ॲसिड, ३०० ग्रॅम बोरॅक्स. उघड्या, कोरड्या लाकडावर दोन-तीन हात. रंग असेल तर आधी खरवडा, नाहीतर आत मुरत नाही. हातमोजे, मास्क घाला, पोरांना लांब ठेवा. वाळल्यावर वॉर्निश, कारण मादी उघड्या लाकडाच्या छिद्रांत अंडी घालते. छप्पर गळत असेल तर आधी गळती बंद करा, पाण्याबरोबर हे औषध धुऊन जातं. आणि खोलवरची अळी लगेच मरत नाही, पुढच्या वर्षीही थोडं पीठ दिसू शकतं. टेप तशीच ठेवा, मोजत राहा.

रॉकेल, डिझेल भोकात सोडू नका. लागतं तिथेच मारतं आणि वर आगीची भीती. धान्यात ठेवायच्या गोळ्या माळ्यावर ठेवणारे तर मी बघितलेत. अरे बाबांनो, त्यातून निघणारा फॉस्फिन वायू माणूस मारतो! खाली आजी झोपलेली असते.

एक गोष्ट मात्र स्वतः ठरवू नका. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक दाबून बघा. स्क्रू ड्रायव्हर सरळ आत गेला, तर त्याच दिवशी टेकू लावा आणि जाणत्या सुताराला किंवा इंजिनिअरला बोलवा.

तुमच्याकडे असं काही असेल तर फोटो पाठवा. भोकाचा एक, पिठाचा एक, आणि शेजारी रुपयाचं नाणं ठेवा हं, नाहीतर भोक केवढं ते मला कळत नाही.